दीर्घ आजारातील साधना : रोजचे एक काम, रोजची एक निर्मिती



आजार दोन प्रकारचे असतात. एक पाहुण्यासारखा येतो, चार दिवस राहतो आणि जातो. दुसरा येतो आणि घरचाच होऊन बसतो. संधिवात, मधुमेह, दमा, मूत्रपिंडाचा विकार, कंपवात, वर्षानुवर्षे न हटणारा थकवा, हे सगळे या दुसऱ्या प्रकारातले. पहिल्या प्रकारात आपण "बरे झाल्यावर करू" असे म्हणतो आणि ते योग्यच असते. दुसऱ्या प्रकारात मात्र हेच वाक्य आपल्याला फसवते. बरे होण्याची वाट पाहता पाहता वर्षे निघून जातात. भाजी आणणे, पोस्टात जाणे, कुंडीत मेथी पेरणे, दारात रांगोळी काढणे अशी लहान लहान कामे एकेक करून हातातून सुटतात. मग दिवसात उरते ते फक्त गोळ्यांचे वेळापत्रक.

आजचा पाठ अशा साधकांसाठी आहे आणि त्यांच्या घरच्यांसाठीही. त्यात एकच गोष्ट समजून घ्यायची आहे. आजार राहणारच असेल, तर आजारासकटचा दिवस हाच आपला साधनेचा दिवस आहे. त्या दिवसात शक्तीच्या मापाचे एक काम असावे आणि हौसेची एक लहानशी निर्मिती असावी. ही दोन्ही लक्षपूर्वक केली, तर त्यांना साधनेहून वेगळे मानण्याचे कारण नाही.

उदाहरणासाठी आपण चंडीगड शहर घेणार आहोत. बदलीच्या किंवा नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्रापासून इतक्या दूर जाऊन राहिलेल्या कुटुंबात कोणी आजारी पडले, की एकटेपणा दुप्पट जाणवतो. शेजारची भाषा वेगळी, हवा वेगळी, माहेर-सासर दूर. पण याच शहराची रचना आणि याच शहरातली दोन माणसे आपल्याला या विषयात बरेच शिकवू शकतात.

आधी तीन गैरसमज दूर करू

पहिला गैरसमज असा : "मला मांडी घालून बसता येत नाही, पहाटे उठवत नाही, शिबिराला जाता येत नाही, म्हणजे माझी साधना तुटली." आसन, वेळ आणि जागा ही साधनेची सोय आहे. खुर्चीवर बसून, उशीला टेकून किंवा पडून केलेले नामस्मरण कमी प्रतीचे नसते. दहा मिनिटे लक्ष लागत असेल तर दहा मिनिटे. उरलेल्या वेळासाठी मनाला अपराधी ठरवू नका.

दुसरा गैरसमज : "मन खंबीर असेल तर शरीर काहीही करते." बरे वाटणाऱ्या एका दिवशी साधक घर आवरतो, बाजार करतो, चार जणांना जेवायला बोलावतो आणि पुढचे तीन दिवस अंथरुणावर काढतो. मग पुन्हा बरे वाटते आणि पुन्हा तेच होते. यात खंबीरपणा नाही. यात फक्त हिशोब चुकलेला आहे.

तिसरा गैरसमज सगळ्यांत जास्त दुखावणारा आहे, आणि तो बहुधा निरोगी माणसाच्या तोंडून येतो : "तुमचे प्रारब्धच तसे", "श्रद्धा कमी पडली असेल", "औषधे सोडा आणि साधना वाढवा." रामकृष्ण परमहंसांना घशाचा कर्करोग झाला आणि १८८६ मध्ये त्याच आजारात त्यांनी देह ठेवला. रमण महर्षींच्या हातावर गाठ आली, तिच्यावर शस्त्रक्रिया झाल्या आणि १९५० मध्ये तेही गेले. त्यांची श्रद्धा कमी पडली असे म्हणण्याचे धाडस कोण करील? देह पंचमहाभूतांचा आहे, तो झिजतो. डॉक्टरांनी दिलेले औषध वेळेवर घेणे हाही देहाविषयीचा धर्मच आहे. कोणाच्या सांगण्यावरून ते परस्पर बंद करू नका.

शक्तीचा हंडा

टँकरने पाणी येणाऱ्या गावातली बाई दिवसाचे पाणी कसे वापरते ते आठवा. हंडा भरला की आधी पिण्याचे काढते, मग स्वयंपाकाचे, मग भांड्यांचे. भाजी धुतलेले पाणी तुळशीला घालते. तळाशी थोडे राखून ठेवते, कारण रात्री कोणी आले तर तांब्याभर पाणी द्यायला हवे. ही बाई पाण्याला शिव्या देत बसत नाही आणि आहे ते सकाळीच ओतूनही टाकत नाही.

दीर्घ आजारात शरीराची शक्ती अशीच मोजून मिळते. अमेरिकेतल्या क्रिस्टीन मिझरँडिनो यांना ल्युपस नावाचा आजार होता. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते. आजारी असणे म्हणजे नेमके काय, असे मैत्रिणीने विचारल्यावर त्यांनी खानावळीतल्या टेबलांवरचे चमचे गोळा करून तिच्या हातात दिले आणि दिवसभरातल्या एकेका कामाला एकेक चमचा काढून घेतला. आंघोळीला एक, कपडे घालायला एक. मैत्रीण घराबाहेर पडण्याआधीच तिच्या हातातले बरेच चमचे संपले होते. २००३ मध्ये त्यांनी हे लिहून प्रसिद्ध केले, आणि आज जगभरातले दीर्घ आजारी लोक आपल्या शक्तीचा हिशोब चमच्यांत सांगतात.

आपण आपला हिशोब हंड्यात करू. गीतेच्या सहाव्या अध्यायात आहार, विहार, कर्म, झोप आणि जागे राहणे या सगळ्यांत प्रमाण राखणाऱ्याचा योग दुःख दूर करणारा होतो असा विचार आहे. निरोगी माणूस तो वाचतो आणि पुढे जातो. आजारी साधकाला मात्र तो दिवसातून दहा वेळा वापरावा लागतो. सकाळी उठल्यावर स्वतःला विचारा : आज हंडा पूर्ण भरला आहे, अर्धा आहे, की तळाशीच पाणी आहे? उत्तर प्रामाणिकपणे द्या. मग त्या मापाचे काम निवडा आणि चौथा हिस्सा शिल्लक ठेवा. बरे वाटत असताना थांबणे हे या साधनेतले सर्वांत अवघड तप आहे.

पावलांच्या मापाचे शहर

चंडीगडची आखणी ल कॉर्बुझिए या वास्तुविशारदाने १९५०च्या दशकात केली. त्याने शहराची कल्पना मानवी देहासारखी केली होती. शासनाच्या इमारती हे डोके, सेक्टर १७ चा मुख्य बाजार हे हृदय, मधून जाणारे हिरवे पट्टे ही फुप्फुसे आणि रस्ते म्हणजे रक्तवाहिन्या. शहराचे सेक्टर पाडले. एक सेक्टर साधारण ८०० मीटर रुंद आणि १२०० मीटर लांब. त्याच्या आतच दुकाने, शाळा, दवाखाना आणि बाग असावी आणि रोजच्या गरजेची वस्तू दहा मिनिटांच्या चालीवर मिळावी असा विचार होता. वेगाच्या वाहनांचे रस्ते सेक्टरच्या बाहेरून जातात. सेक्टरच्या मधून बाजाराचा संथ रस्ता जातो. हिरव्या पट्ट्यांतून पायवाटा निघतात.

आपल्या पाठाला यातले एक तत्त्व उपयोगी आहे. माणसाच्या पावलांचे माप आधी धरले आणि शहर त्याभोवती बसवले. दीर्घ आजारात आपल्यालाही आपला दिवस असाच आखायचा आहे. आपण पुण्यात असा, परभणीत असा की पणजीत, आपला एक सेक्टर ठरवा. आज मी सहज कुठवर जाऊन परत येऊ शकतो? कोणाला ते अंतर कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत असेल, कोणाला जिन्यापर्यंत, कोणाला पलंगापासून खिडकीपर्यंत. जे आहे ते आपले क्षेत्र. त्या क्षेत्रात एक काम रोज आपल्या हातून व्हावे.

हे काम कसे करावे, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, चंडीगडमध्ये राहणाऱ्या एका ताईंना संधिवात आहे. संधिवातात सकाळी सांधे आखडलेले असतात आणि मग हळूहळू मोकळे होतात. जानेवारीत तिथे सकाळी दाट धुके असते. म्हणून ताई आठची वेळ धरत नाहीत. ऊन पडल्यावर, साडेअकराला निघतात. कामे दोनच ठरवतात : केमिस्टकडून गोळ्यांची पट्टी आणि रेहडीवाल्याकडून अर्धा किलो मटार. पिशवी बोटांत न लटकवता खांद्याला अडकवतात, कारण लहान सांध्यांवर भार पडला की रात्री बोटे ठणकतात. परत येताना बागेतल्या बाकावर पाच मिनिटे बसतात. रेहडीवाला "आंटीजी, गाजर भी ले लो, लाल हैं" म्हणतो. गाजरे खरोखरच लालबुंद असतात. ताई हसून म्हणतात, "कल." घरी आल्यावर मटार लगेच सोलायला घेत नाहीत. आधी पाठ टेकतात. मटार दुपारी, मुलाखतीचा कार्यक्रम ऐकत, सावकाश.

या एवढ्याशा फेरीत साधना कोठे आहे? निघण्याआधी ताईंनी देहाचे ऐकले. दोनच कामे निवडून त्यांनी लोभ आवरला. बाकावर बसताना "लोक काय म्हणतील" हा विचार सोडला. गाजराला "कल" म्हणताना उद्याच्या दिवसावर विश्वास ठेवला. शिवाय दुकानदाराशी, शेजाऱ्याशी, झाडावरच्या पक्ष्याशी त्यांचा संबंध आला. दीर्घ आजार माणसाला जगापासून तोडतो. रोजचे लहान काम हा तो धागा पुन्हा बांधण्याचा सगळ्यांत साधा मार्ग आहे.

आपल्या फेरीसाठी या पाच गोष्टी लक्षात ठेवा :

१. वेळ देहाला विचारून ठरवा. दम्याच्या साधकाने धुके आणि धूर टाळावा. उन्हाळ्यात सकाळ धरावी.
२. बाहेर पडताना आपल्या आजाराची वस्तू जवळ असू द्या. मधुमेह असेल तर खिशात साखर किंवा ग्लुकोज आणि पायात नीट बसणारी चप्पल किंवा बूट; दमा असेल तर पंप. आजाराचे नाव, औषधे आणि घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी पाकिटात ठेवा.
३. कामे एक किंवा दोनच. तिसरे सुचले तर ते उद्याच्या यादीत लिहा.
४. बसायची जागा आधी हेरून ठेवा. बसणे हा फेरीचा भाग माना.
५. परतल्यावर पाठ टेका आणि मनातल्या मनात आभार माना. फेरी अर्ध्यावरून सोडून यावे लागले तरीही माना.

किती चालावे, किती पाणी प्यावे, काय उचलू नये हे प्रत्येक आजारात वेगळे असते. ते आपल्या डॉक्टरांना एकदा स्पष्ट विचारून घ्या.

आजारी माणसाने वाढलेले पान

चंडीगडच्या सेक्टर १२ मध्ये पीजीआय हे मोठे रुग्णालय आहे. १९६२ मध्ये ही संस्था सुरू झाली. पंजाब, हरियाणा, हिमाचल, जम्मू-काश्मीर अशा सगळ्या भागांतून तिथे रुग्ण येतात, आणि रुग्णाबरोबर आलेले नातेवाईक दिवसचे दिवस बाहेर काढतात. या रुग्णालयाबाहेर जगदीशलाल आहुजा नावाचे गृहस्थ सुमारे वीस वर्षे लंगर चालवीत होते. लोक त्यांना 'लंगर बाबा' म्हणत.

आहुजांचा जन्म पेशावरचा. फाळणीत घरदार सोडून ते लहान वयात इकडे आले आणि पुढे चंडीगडमध्ये केळ्यांचा व्यापार करून त्यांनी पैसा मिळवला. मुलाच्या वाढदिवसाच्या निमित्ताने त्यांनी लंगर सुरू केला; पुढे तो पीजीआयसमोर रोजचा झाला. खर्च भागवायला त्यांनी स्वतःची मालमत्ता विकली. जेवणाबरोबर ते केळे देत, आणि लहान मुलांना फुगे आणि बिस्किटेही देत. नंतर त्यांना स्वतःला पोटाचा कर्करोग झाला. काम थांबले नाही. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ते गेले.

हे ऐकून मनात येईल की एवढे आपल्याला कसे जमणार? आपल्याला एवढे करायचेच नाही. आहुजांच्या त्या फुग्याकडे पाहा. रुग्णालयाच्या दारात ताटकळलेल्या मुलाची भूक पोळीने भागते. फुग्याने तो घटकाभर मूल होतो. पोळी ही गरज झाली आणि फुगा हा आनंद. स्वतः आजारी असलेल्या माणसाला दोन्हींची किंमत कळत होती. आपल्या दिवसातही पोळी आणि फुगा दोन्ही हवेत. काम म्हणजे पोळी. आता फुग्याकडे, म्हणजे निर्मितीकडे वळू.

वाढलेली बांगडी

आपल्याकडे काचेची बांगडी फुटली तर "फुटली" म्हणत नाहीत, "वाढली" म्हणतात. दिवा विझवताना जसे "शांत कर" म्हणतात, तसाच हा मंगल शब्द. तो उच्चारताना आपण त्याचा अर्थ क्वचितच मनावर घेतो, कारण वाढलेल्या बांगडीच्या काचा शेवटी केरातच जातात.

चंडीगडमध्ये मात्र त्या खरोखर वाढल्या. नेकचंद हे सार्वजनिक बांधकाम विभागात रस्ते निरीक्षक होते. फाळणीनंतर पाकिस्तानात गेलेल्या भागातून ते इकडे आले होते. नवे शहर उभारण्यासाठी जुनी गावे पाडली जात होती आणि राडारोड्याचे ढीग साचत होते. १९५७च्या सुमारास त्यांनी सुखना तलावाजवळच्या जंगलात एक जागा साफ केली. नोकरीची वेळ संपली की सायकलवरून ते टाकाऊ वस्तू गोळा करून तिथे आणत : फुटक्या कपबश्या, फरशांचे तुकडे, सायकलींचे भाग, वेगळ्या आकाराचे दगड आणि फुटलेल्या बांगड्या. त्यांतून माणसांच्या, पशुपक्ष्यांच्या शेकडो आकृती उभ्या राहिल्या. पुष्कळ बाहुल्यांची वस्त्रे बांगड्यांच्या काचांची आहेत. जागा सरकारी होती, परवानगी नव्हती, म्हणून हे काम पंधराहून अधिक वर्षे गुपचूप चालले. सत्तरच्या दशकात ते अधिकाऱ्यांच्या नजरेस आले. पाडण्याऐवजी जपायचे ठरले आणि १९७६ मध्ये 'रॉक गार्डन' लोकांसाठी खुले झाले. १९८४ मध्ये नेकचंदांना पद्मश्री मिळाली. २०१५ मध्ये, नव्वदाव्या वर्षी, ते गेले.

या कथेतून आजारी साधकाने घ्यायच्या गोष्टी तीन आहेत. नेकचंदांना दिवसाकाठी थोडाच वेळ होता आणि सायकलवर मावेल एवढेच ओझे. काम त्या मापाने वाढले. साहित्य नवे नव्हते, मोडलेलेच होते. आणि कोणी पाहत नसतानाही काम चालू राहिले; आनंद पाहणाऱ्याच्या कौतुकावर टांगलेला नव्हता. आजाराने आपल्या आयुष्याचे काही तुकडे केले आहेत हे नाकारू नका. नोकरी सुटली असेल, गाण्याचा आवाज बसला असेल, गुडघ्यांनी डोंगर हिरावून घेतले असतील. त्याचे दुःख होणारच. ते दाबू नका. पण तुकडे केरात टाकण्याआधी एकदा हातात घेऊन पाहा.

याच भागातल्या बायकांची फुलकारीची कला पाहा. जाड खादीच्या कापडावर रेशमी धाग्याने केलेले हे भरतकाम पारंपरिक पद्धतीत कापडाच्या उलट्या बाजूने करतात. सुई चालते तिकडे धागे मोजायचे आणि टाके घालायचे. फुले उमटतात दुसऱ्या बाजूला. आपल्याकडची आजी जुन्या लुगड्याच्या तुकड्यांची गोधडी शिवते तीही अशीच, रोज थोडे धावदोरे घालून. वर्षभराने थंडीत कोणाच्या तरी अंगावर ती पडते.

साधन बदलते, साधना राहते

"मला पूर्वी येत होते, आता हात चालत नाही," असे पुष्कळ जण म्हणतात. अशा वेळी साधन बदलावे. फ्रान्सचे चित्रकार आंरी मातीस यांच्यावर १९४१ मध्ये मोठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्यांचा बराच काळ पलंगावर आणि चाकाच्या खुर्चीत गेला. उभे राहून रंगवणे अवघड झाले, तेव्हा त्यांनी कात्री हातात घेतली. मदतनीस कागद रंगवून देत आणि ते त्यातून पाने, पक्षी, आकार कापत. त्यांच्या या कामाला आज जगात मोठा मान आहे.

आपल्याकडे बाबा आमट्यांच्या पाठीच्या कण्याचा विकार एवढा वाढला होता, की त्यांना बसता येत नसे. उभे राहायचे किंवा आडवे व्हायचे, एवढेच पर्याय. १९८५ मध्ये कन्याकुमारीपासून काश्मीरकडे निघालेल्या भारत जोडो यात्रेत तरुण सायकलवर होते आणि बाबा वाहनात पडून बरोबर जात होते. लोकमान्य टिळकांना मधुमेह होता. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी 'गीतारहस्य' लिहिले ते शिसपेन्सिलीने, कारण शाई मिळत नव्हती. तीनही ठिकाणी नेहमीचे साधन हातात राहिले नव्हते. जे उरले होते त्याने काम झाले.

आपण ग्रंथ लिहायचा नाही की यात्रा काढायची नाही. आपली निर्मिती लहानच असू द्या. पाच बाय पाच ठिपक्यांची रांगोळी. वाकता येत नसेल तर ती ताटात काढा. कुंडीतली मेथी किंवा कोथिंबीर. मुलीला पाठवायचे एक हस्तलिखित पत्र. एका अभंगाला स्वतः लावलेली चाल, आवाज बसला असेल तर गुणगुणत. जुन्या पत्रिकांच्या कागदांतून कापलेले आकाशकंदील. रोजच्या वरणाला नवी फोडणी. एकच अट आहे : तेवढा वेळ मन त्यात असावे, आणि ते सुंदर झाले की नाही याची परीक्षा घेऊ नये.

काहीच होत नाही असा दिवस

असे दिवस येतील. डायलिसिसवरून आल्यावरचा दिवस, औषध बदलल्यावरचा दिवस, कारण न कळता अंग गळून गेलेला दिवस. त्या दिवशी हंडा रिकामा आहे हे मान्य करा. त्या दिवसाचे काम म्हणजे पाणी पिणे, गोळी घेणे आणि कोणाची तरी मदत मागणे. मदत मागणे हेही काम आहे, आणि अहंकाराच्या दृष्टीने ते बाजारहाटापेक्षा अवघड आहे. निर्मिती म्हणून खिडकीतून दिसणाऱ्या एका गोष्टीला मनात एक शब्द द्या. तेवढे पुरे.

असे दिवस सलग आले, मन काळवंडले, जगण्यात अर्थ नाही असे विचार येऊ लागले, तर ते साधनेतले अपयश समजून लपवू नका. घरच्यांना सांगा, डॉक्टरांना सांगा. मनाच्या आजारालाही औषध असते.

घरच्यांसाठी आणि सत्संगातील सोबत्यांसाठी

प्रेमापोटी आपण आजारी माणसाच्या हातातली सगळी कामे काढून घेतो. "आई, तू बस, मी आणतो." "काकू, तुम्ही राहू द्या हो." हेतू चांगला असतो. पण महिनाभर हे ऐकल्यावर आईला वाटू लागते की या घरात आता आपला उपयोग नाही. म्हणून विचारा : "आज यातले कोणते तू करशील?" तिने मटार सोलायला अर्धा तास लावला तर लावू द्या. मध्येच पुढे होऊन वाटी ओढून घेऊ नका. ती थांबली तर "सकाळी तर बरी होतीस" असेही म्हणू नका. या आजारांत सकाळ आणि संध्याकाळ सारखी नसते.

सत्संगात येऊ न शकणाऱ्या साधकाला "हल्ली दिसत नाही" असा टोमणा जाऊ नये. फोन करा, आणि तब्येतीच्या चौकशीनंतर विचारा, "सध्या काय करताय? काय नवे काढलेत?" खूप दिवसांनी कोणीतरी आपल्याला आजाराखेरीज दुसरे काही विचारले, याचा त्या माणसाला किती आनंद होतो ते अनुभवून पाहा. शक्य असेल तर त्याला सेवेचा लहानसा वाटा द्या : चार फोन करणे, एक पान वाचून तपासणे, फुलवाती वळणे. मुदत सैल ठेवा.

या आठवड्याचा अभ्यास

एक वही घ्या. रोज रात्री तिच्यात फक्त तीन ओळी लिहा. पहिली ओळ : आज हंडा किती भरलेला होता? दुसरी : आज कोणते एक काम माझ्या हातून झाले? तिसरी : आज मी कोणती एक लहान गोष्ट हौसेने केली? लिहिता येत नसेल तर घरातल्या मुलाला सांगा. तो लिहील आणि त्यालाही काही कळेल. सात दिवसांनी वही उघडून पाहा. कोणत्या वेळी शक्ती जास्त असते, कशाने ती लवकर संपते, कशाने मन भरून येते हे आपले आपल्यालाच दिसू लागेल. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना ही वही बरोबर न्या. डॉक्टरांनाही तिचा उपयोग होईल.

स्वाध्यायासाठी प्रश्न :

१. "बरे झाल्यावर करू" म्हणून मी कोणती गोष्ट बाजूला ठेवली आहे? तिचा सर्वांत लहान भाग आज करता येईल का?
२. बरे वाटत असताना थांबणे मला का जमत नाही? त्यामागे आनंद असतो की भीती?
३. माझ्या घरात किंवा सत्संगात दीर्घ आजारी कोण आहे? त्यांच्या हातातले कोणते काम मी प्रेमापोटी काढून घेतले आहे? ते त्यांना परत कसे देता येईल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहून थांबू नका. त्या व्यक्तीला आजच विचारा.